प्रौढांचा वर्ग सुरू करताय? आधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा

वस्तीत प्रौढांचा वर्ग सुरू करायचा असेल तर फळा, खडू, पुस्तकं या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट शोधून काढा: त्या गल्लीत नळाला पाणी कधी येतं. पाणी चारला येत असेल आणि तुम्ही वर्ग चारचा ठेवलात, तर समोर रिकामी सतरंजी दिसेल. मग लोक म्हणतात, "यांना शिकायचंच नाहीये." शिकायचं असतं हो, पण हंडे भरायचे राहिले तर रात्रीचा स्वयंपाक अडतो.

मी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत बायकांना वाचायला-लिहायला शिकवते, आणि सकाळी-रात्री बाहेरच्या राज्यांतून पुण्यात आलेल्या मंडळींना मराठी बोलायला शिकवते. दुसऱ्या कामावर माझं घर चालतं, पहिल्याचे मी पैसे घेत नाही. या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या मुलामुलींना मी जे तोंडी सांगत असते, तेच इथे लिहिते आहे. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच: मोठ्या माणसाकडे बुद्धी भरपूर असते, वेळ नसतो. तुमची सगळी हुशारी त्याचा वेळ सांभाळण्यात खर्च करा.

धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बायका साधारण दोनपर्यंत घरी येतात, जेवतात, जरा पाठ टेकतात. मुलं शाळेतून येईपर्यंतचा तास-दीड तास त्यांचा स्वतःचा. वर्ग तिथेच बसवायचा. पुरुषांचं वेगळं. मजूर अड्ड्यावर उभं राहणारा माणूस सकाळी सातला घर सोडतो, त्याच्यासाठी रात्री आठच्या आधी बोलूच नका. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास ठेवण्यापेक्षा रोज एक तास बरा, कारण चार दिवसांच्या खंडात अक्षरं पुसली जातात.

जागा शक्यतो मागून घ्या, भाड्याने नको. अंगणवाडी दुपारी मोकळी असते. समाजमंदिर असतं, बुद्धविहार असतो, गणपती मंडळाची खोली असते. मंडळाच्या कार्यकर्त्यांकडे जाताना अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना बरोबर घ्या. त्या प्रत्येक घर ओळखतात, आणि त्यांच्या शब्दावर दार उघडतं. दिवा नीट आहे का बघा, पंखा आहे का बघा, आणि खोलीचं दार रस्त्यावर सताड उघडं नसावं. पन्नाशीच्या बाईला पाटीवर 'क' गिरवताना येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांनी बघितलेलं आवडत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

वर्षाचं गणितही आधी मांडा. मे महिन्यात निम्मा वर्ग गावी असतो. जूनमध्ये पोरांचे प्रवेश, वह्या-पुस्तकं. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवस धरू नका. गणपतीचे दहा दिवस खोली मंडळाची. दिवाळीच्या आधी घराघरांत साफसफाईचं जादा काम असतं आणि बायकांना तेव्हाच चार पैसे जास्त मिळतात, त्या पंधरवड्यात वर्गाला या असा आग्रह धरू नये. या सुट्ट्या तुम्ही आधीच जाहीर केल्यात तर लोक परत येतात. न सांगता बंद पडलेला वर्ग मात्र पुन्हा जमत नाही. म्हणून एकटीने वर्ग घेऊ नका, दोघी हव्यात. एकीला ताप आला तरी दार उघडलं पाहिजे.

पहिल्या दिवशी पुस्तक काढू नका. नुसतं विचारा, "कुठे अडतं?" उत्तरं भराभर येतात: रेशनची पावती, बसची पाटी, ससून रुग्णालयातला केसपेपर, पोराच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, बचत गटाचं रजिस्टर, मोबाइलमधली नावं. एका मावशींनी सांगितलं होतं, फोनमध्ये त्यांच्या लेकीच्या नंबराला मुलाने फुलाचं चित्र लावून दिलंय आणि मालकीणबाईंना बादलीचं. फुलाचं चित्र बघून त्या फोन लावायच्या. त्यांना लेकीचं नाव वाचायचं होतं. ही यादी जपून ठेवा, तोच तुमचा अभ्यासक्रम.

आणि त्याच दिवशी डोळे तपासा. हे कुठल्याच पुस्तकात मला ठळक लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून इथे जोर देऊन सांगते. चाळिशीनंतर जवळचं दिसणं कमी होतं. वर्गातल्या निम्म्याशिम्म्या बायकांना चाळिशी लागलेली असते आणि चष्मा कुणालाच नसतो, कारण आजवर वाचायचं कामच पडलेलं नसतं. थेट विचारलं तर "दिसतंय की" म्हणतात. म्हणून असं विचारा: तांदूळ निवडताना ताट लांब धरता का? सुईत दोरा कुणाकडून ओवून घेता? 'नातीकडून' असं उत्तर आलं की समजायचं. जवळच्या शिबिरात किंवा सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या, चष्म्याची सोय करा, मगच अक्षरं. "माझ्या डोक्यात शिरत नाही" म्हणून वर्ग सोडायला निघालेली बाई चष्मा आल्यावर आठवड्यात चार अक्षरं पुढे जाते, हे मी वारंवार बघितलंय.

सही आधी शिकवावी की नंतर, यावर प्रशिक्षकांत मतभेद आहेत. काहींचं म्हणणं, सही आली की लोक वर्ग सोडतात, म्हणून ती लांबवावी. मला हे पटत नाही. बँकेत चारचौघांत शाईचा अंगठा उमटवून बोट पदराला पुसायची वेळ ज्या बाईवर येते, तिला सही आजच हवी आहे. पहिल्याच आठवड्यात द्या. तिचं नाव मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहा, आधी बोटाने गिरवून घ्या, मग जाड स्केच पेनने, मग पेन्सिलने. बॉलपेन शेवटी, कारण ते घसरतं आणि हात आखडतो. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ती सही करते, आणि तिच्या शेजारची दुसऱ्या दिवशी तुमच्या वर्गात येते.

आता अक्षरं. 'अ आ इ ई' पासून सुरुवात करू नका. 'अननस' आणि 'ईडलिंबू' यांतून मोठ्या माणसाला वाचल्याचा आनंद मिळायला फार उशीर लागतो. मी क, म, र, प, ग ही पाच अक्षरं आणि एक काना घेते. एवढ्यात 'काम', 'कर', 'राग', 'गार', 'माग', 'मका', 'पगार', 'कामगार' हे सगळं वाचता येतं. साधारण दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर दोन वाक्यं लिहायची: "काम कर. पगार माग." बायका एकेक अक्षर जुळवत वाचतात. 'पगार माग' संपलं की क्षणभर शांतता असते, मग हसू फुटतं, आणि मग कुठल्या बाईने दिवाळीचा बोनस दिला नाही, कुणी चार सुट्ट्यांचे पैसे कापले, यावर अर्धा तास जातो. तो अर्धा तास वाया गेला असं समजू नका. ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ साली आंजिकोस गावात सुमारे ३०० मजुरांना ४० तासांच्या वर्गात वाचायला शिकवलं ते याच वाटेने: लोकांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घ्यायचे, त्यावर बोलायचं, मग ते शब्द फोडून नवे जुळवायचे. आपल्या देवनागरीत काने-मात्रे, वेलांट्या, उकार, जोडाक्षरं असा पसारा मोठा आहे. चाळीस तासांचं आश्वासन कुणाला देऊ नका. वर्ष धरा.

कान्यानंतर न, ल, स, त, ण, ड घ्या. मग वेलांटी, म्हणजे 'पाणी', 'गाडी', 'लाडकी'. ऱ्हस्व-दीर्घावरून या टप्प्यावर अजिबात टोकू नका. 'पाणि' लिहिलं तर ते पाणीच आहे. सारखी दिसणारी अक्षरं एकापाठोपाठ घेऊ नयेत. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध', 'ब' आणि 'व', 'प' आणि 'ष' यांच्यात निदान दोन आठवड्यांचं अंतर हवं, आधीचं पक्कं झालं की दुसरं. रफार आणि जोडाक्षरं शेवटी. पण 'स्वारगेट', 'पुणे स्टेशन', 'कात्रज' हे शब्द चित्रासारखे आख्खेच ओळखायला पहिल्या महिन्यातच द्या, त्यांच्यावाचून बस चुकते.

वाचनाचं साहित्य पुण्यात रस्त्यावर पडलेलं आहे. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी लावणं बंधनकारक झालं, त्याचा आम्हाला फार उपयोग होतो. माझ्या वर्गात नियम आहे: रोज येता-जाता एक पाटी वाचायची आणि वर्गात सांगायची. पूर्ण वाचता आली नाही तर जेवढी आली तेवढी. 'पिठाची गिरणी' वाचणारी बाई दोन महिन्यांनी 'दुपारी एक ते चार बंद' सुद्धा वाचते.

आकड्यांचं उलटं असतं. हिशेब त्यांना तुमच्याआमच्यापेक्षा चांगला येतो, बेरीज शिकवून त्यांचा अपमान करू नका. शिकवायचं ते आकडा लिहिणं आणि ओळखणं. आधी मोबाइलवरचे इंग्रजी आकडे घ्या, कारण फोन, औषधाची तारीख, वीजबिल सगळं त्यात असतं. ते पक्के झाल्यावर मराठी आकडे. दोन्ही एकदम घेतले की गल्लत ठरलेली: आपला १ इंग्रजी नवासारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठासारखा.

कुणी तीन दिवस आलं नाही तर घरी जा. "का आला नाहीत?" असं दारातून विचारू नका. बसा, चहा घ्या, घरातल्या म्हातारीशी बोला. कारण आपोआप कळतं. कधी आजारपण असतं, कधी नवीन काम, आणि कधी नवऱ्याने वही फाडलेली असते. अशा वेळी घरात उपदेश करू नका, तुम्ही निघून गेल्यावर त्याची किंमत ती मोजते. तिच्याशी एकटीशी बोला, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तिला पाठ करून द्या आणि तिने सांगितलेलं वर्गात कुणालाही सांगू नका. स्वयंसेवकांनाही ही ताकीद पहिल्याच दिवशी द्या. वर्गात फोटो काढायचे नाहीत, हीदेखील. पाटीवर गिरवणाऱ्या बाईचा फोटो तिच्या मालकिणीच्या मोबाइलवर पोचलेला तिला चालणार आहे का, हे तिलाच विचारा.

कॉलेजची मुलं येतात ती एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, वर्षाचे १२० तास भरायला. तास भरायला आली म्हणून त्यांना कमी लेखू नये, त्यांना ठरलेलं काम द्यावं. अक्षरकार्डं बनवणं, बायकांबरोबर आलेली लहान मुलं कोपऱ्यात खेळवणं, वाचायला अडणाऱ्या एकीशेजारी बसणं. मुलं सांभाळणारा एक जण असला की पाच बायांचा तास नीट होतो. फळ्यापुढे उभं राहायचं काम त्यांना लगेच देऊ नका. विशीतला मुलगा "मावशी, हे सोप्पंय हो" म्हणतो आणि मावशी गप्प होतात. 'सोपं आहे' हे शब्द वर्गात बंद.

आता परप्रांतातून आलेल्यांना मराठी शिकवण्याबद्दल. इथे अडचण वेगळी आहे. शिकणारा चांगला शिकलेला असतो, त्याला व्याकरण समजतं, पण बोलायची संधीच मिळत नाही. तो दुकानात अडखळत "मला एक किलो..." म्हणतो आणि आपला पुणेकर लगेच हिंदीवर जातो. मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिलं वाक्य हेच शिकवते: "मला मराठीतच बोलायचंय, जरा हळू बोला." मग मंडईत पाठवते, भाजी घेऊन या आणि भाव काय लागला ते मला मराठीत सांगा. हे वाक्य ऐकल्यावर मंडईतल्या भाजीवाल्या मावश्या जितक्या मायेने बोलतात, तितकी चांगली शिकवणी मीसुद्धा देऊ शकत नाही.

बऱ्याच जणांची गाडी भूतकाळात अडते, म्हणून मी ताटावरच शिकवते. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं. खाणारा पुरुष असो की बाई, क्रियापद खाण्याच्या वस्तूमागे जातं. नियम सांगू नका, पंचवीस पदार्थ खायला लावा. तसंच शाळा-शाळेत, पुणे-पुण्यात, रस्ता-रस्त्यावर. यांचे तक्ते पाठ करून उपयोग नाही, "कुठे आहेस?" हा एकच प्रश्न दहा दिवस विचारत राहायचा. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन च, आणि 'ळ', हे कानाने ओळखू येईपर्यंत उच्चारासाठी घाई करू नका. 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक मात्र लवकर द्या. "आपण जाऊ या" म्हटलं की ऐकणारा बरोबर निघतो, आणि "आम्ही जातो" म्हटलं की मागे राहतो.

यावर पोट भरतं का? स्वयंसेवेवर नाही, हे स्पष्ट समजून या. माझा नियम सरळ आहे: ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पूर्ण फी, आगाऊ, तासांचा हिशेब लिहून. कंपनीने "सामाजिक काम आहे, सवलत द्या" म्हटलं तरी नाही. वस्तीत फी शून्य, पण वही आणि पेन्सिल ज्याची त्याने आणायची. स्वतःच्या पैशाने घेतलेली वही बायका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपतात.

नोकरी हवी असेल तर वाटा तीन-चार आहेत. संस्थांमध्ये समन्वयक, प्रशिक्षक, साहित्य तयार करणारे अशी पदं असतात, त्यासाठी समाजकार्याची पदवी कामाला येते. कोथरूडची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासून ते शिक्षण देते आहे. रात्रशाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं. परकीय भाषेची ओढ असेल तर फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून जाणाऱ्यांना साधारण बी-२ पातळीपर्यंत (सहा पायऱ्यांतली चौथी) भाषा लागते, त्यामुळे ती शिकवणाऱ्यांना मागणी आहे. परदेशी अभ्यासकांना मराठी शिकवण्याचं कामही या शहरात चालतं, अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा कार्यक्रम पुण्यातच आहे. पण यातलं कुठलंही पद मागायला जाण्याआधी एक वर्ग वर्षभर चालवा. मुलाखतीत तुमच्या प्रमाणपत्रापेक्षा तुमचं हजेरीचं रजिस्टर जास्त बोलतं.

सरकारी बाजू थोडक्यात. सध्या 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे, २०२२ ते २०२७ असा. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी. शिकवणारे स्वयंसेवक, मानधन नाही. जवळच्या शाळेत जाऊन शिकणाऱ्यांची आणि स्वतःची नोंदणी करा. परीक्षा १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा मार्च २०२४ मध्ये झाली. पुढे शिकायचं असेल तर राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीची परीक्षा आहे, आणि दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म. या कागदांची माहिती तुमच्याकडे हवी, कारण वर्गातली एखादी तरी तिथवर जाते.

आणि वर्ग वाचनापाशीच थांबेल असं धरून चालू नका. या शहराने हे फार पूर्वी बघितलंय. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, आणि १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची. अलीकडचं उदाहरण कचरावेचक बायकांचं. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्या साक्षरतेच्या कामासाठी त्यांच्यापर्यंत गेल्या, त्यांच्याबरोबर कचऱ्यापाशी उभ्या राहिल्या, आणि प्रश्न अक्षरांच्या कितीतरी पुढचा आहे हे त्यांना दिसलं. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. पुढे पालिकेने मान्य केलेली ओळखपत्रं आली, आणि 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा २००८ साली पालिकेशी करार झाला. तुमच्या दारावर सकाळी ओला-सुका घ्यायला येणाऱ्या ताई त्या कामातल्या आहेत. तेव्हा वर्गात कुणी म्हणालं, "ताई, आज वाचायचं नको, आम्हाला रेशन दुकानदाराशी बोलायला जायचंय," तर वही मिटा आणि बरोबर जा. दुकानात अर्ज लिहायची वेळ येईल, तेव्हा तो तुम्ही लिहू नका. ज्यांना जेवढं येतं तेवढं त्यांनाच लिहू द्या, उरलेलं त्या सांगतील तसं भरा.

कधीतरी तुम्हाला वर्ग सोडावा लागेल: लग्न, बदली, नोकरी. दोन महिने आधी सांगा. नवीन ताईला महिनाभर शेजारी बसवा, पहिल्या दिवसाची ती यादी आणि कुणाचा चष्मा किती नंबरचा, कुणाची मुलगी कधी बाळंत होणार आहे, हे सगळं तिला वहीत लिहून द्या. खोलीची किल्ली तिच्या हातात मंडळाच्या कार्यकर्त्यांसमोर द्या, म्हणजे पुढच्या सोमवारी दार कुणी उघडायचं यावर वाद होणार नाही.